आधी हिरड्या, मग पाकीट

*सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात नवरा, सासूबाई, नववीतली मुलगी आणि चार वर्षांचा बोका. नवरा एमआयडीसीत कंत्राटावर आहे. ताई घरी ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात. बोका पिल्लू असताना पावसात जिन्याखाली सापडला, तेव्हापासून घरातलाच झाला.*

*दीड महिन्यापूर्वी तो सारखा वाळूच्या घमेल्यात जाऊन बसायला लागला. कुंथायचा, ओरडायचा, उठायचा, परत बसायचा. पोट साफ होत नसेल म्हणून सासूबाईंनी दुधातून एरंडेल पाजलं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी उलट्या करून तो आडवा पडला, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्याची लघवी तुंबली होती. भूल देऊन नळी घालावी लागली, तीन दिवस सलाईन, बिल ७,८०० रुपये. मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला काढलेले पैसे त्यात गेले. नवऱ्याला आकडा नंतर कळला आणि घरात मोठं भांडण झालं. ‘जिन्याखालचं मांजर, त्याला आठ हजार?’ सासूबाईंचं म्हणणं, मांजरं गवत खाऊन आपली आपण बरी होतात.*

*ताई लिहितात: ‘कालपासून त्याने परत खाणं सोडलंय. कपाटामागे जाऊन बसलाय. अजून एक दिवस वाट बघू का? डॉक्टरांकडे कधी न्यायचं आणि आपोआप कधी बरं होईल, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं? आणि मांजरावर इतका खर्च करणं चूक आहे का?’*

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे नाही म्हणून खाली दिलेल्या नंबरावर फोन केला, ते तुम्हाला आठवत असेलच. इतर वाचकांसाठी सांगते, मी एवढंच म्हटलं होतं: एकदा लघवी तुंबलेला बोका, कालपासून उपाशी, कोपरा धरून बसलेला. आज न्या, उद्या नको. तुम्ही संध्याकाळी घेऊन गेलात. डॉक्टरांनी पोट चाचपलं, लघवीची पिशवी मऊ होती, तुंबलेलं काही नव्हतं. अंगात ताप होता. तोंडात बघितलं तर एका दाताच्या मुळाशी हिरडी सुजून लाल झालेली. इंजेक्शन, पाच दिवसांचं औषध, ४५० रुपये. आणि घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणजे काही नव्हतंच. उगाच गेलीस.’

या ‘उगाच’पासूनच सुरुवात करू या. तुमच्या पत्राच्या तळाशी हाच शब्द आहे असं मला वाटतं.

तुम्ही दोन प्रश्न एकत्र शिवले आहेत आणि म्हणून दोन्ही ओढले जातायत. पहिला प्रश्न: दाखवायचं कधी? दुसरा: उपचार कुठवर करायचे? पहिल्याचं उत्तर मांजराच्या अंगावर असतं. हिरड्या, श्वास, घमेलं, ताटली. तिथे तुमच्या पाकिटाचा काही संबंध नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र बरंचसं पाकिटातच असतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपण करतो उलटं. आधी पाकीट चाचपतो आणि त्यावरून मांजर किती आजारी आहे ते ठरवतो. पैसे कमी असले की ‘होईल बरा’ असं मनापासून वाटायला लागतं. मी स्वतः हे केलेलं आहे, तेव्हा तुम्हाला बोल लावत नाही.

तुमचे ७,८०० रुपये मांजरावर खर्च झाले असं घरात सगळे धरून चालले आहेत. मला ते तसे दिसत नाहीत. डॉक्टरांकडे नेलं नसतं तर मांजर गेलं असतं हे तर आहेच. पण पहिल्याच दिवशी नेलं असतं तर नळी बहुधा तरीही घालावी लागली असती, फक्त रक्तात विष भिनायच्या आत. मग तीन दिवसांचं सलाईन कदाचित एका दिवसावर आलं असतं. त्या बिलातला मोठा हिस्सा मधल्या दोन दिवसांचा आहे.

सासूबाईंना दोष देऊ नका, कारण ही चूक भल्याभल्यांची होते. लघवी तुंबलेला बोका आणि पोट साफ न होणारा बोका दिसायला सारखेच. दोघंही घमेल्यात कुंथत बसतात. फरक वाळूत शोधायचा असतो. सकाळपासून वाळू ओली झालेली नाही, किंवा नुसते दोन-चार थेंब, कधी लालसर, आणि तो सारखा मागची बाजू चाटतोय, पोटाला हात लावला की ओरडतोय, तर तो बद्धकोष्ठ समजून बसायचं नाही. बोक्याचा मूत्रमार्ग फार बारीक असतो. लघवीतले खडे आणि चिकट द्रव्य मिळून त्याला बूच बसतं. मागे लघवी साचत जाते, मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय बंद पडतं. एक-दोन दिवसांचा खेळ असतो. मांजरीला हा त्रास क्वचित होतो, बोक्याला होतो, आणि एकदा झाला की परत होण्याची शक्यता बरीच असते. म्हणून तुमच्या घरात हा नियम पक्का करा: घमेल्यात बसतोय आणि वाळू कोरडी आहे, तर रात्रीचे अकरा वाजले तरी फोन फिरवायचा.

अशाच आणखी काही गोष्टी आहेत जिथे घड्याळ बघायचं नाही. तोंड उघडं ठेवून धापा टाकणं. कुत्र्याचं ते रोजचं आहे, मांजराचं नाही. हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा तपकिरी दिसणं. झटके येणं. अचानक मागचे पाय लुळे पडून मांजर किंचाळायला लागणं. गॅलरीतून पडणं, मग ते नंतर चालत घरात आलं तरीही, कारण आतला मार बाहेरून दिसत नाही. लहान पिल्लाला उलट्या-जुलाब एकत्र लागणं. लस न दिलेल्या पिल्लांत तो बऱ्याचदा कुत्र्यांच्या पार्व्होसारखा मांजरांचा विषाणू असतो आणि पिल्लं तासांच्या हिशेबाने जातात. आणि तुमच्या घरासाठी खास: दोरा. शिवणकामाच्या घरात मांजर दोऱ्याशी खेळणारच. जिभेखाली दोरा अडकलेला दिसला किंवा मागून लोंबताना दिसला, तर काहीही झालं तरी ओढू नका. आत आतडी त्या दोऱ्यावर, परकराच्या नाडीवर पडतात तशा चुण्या पडून गोळा झालेली असतात, ओढलं की कापली जातात. संक्रांतीच्या मांजालाही हेच लागू.

त्याखालची पायरी म्हणजे ‘आज किंवा उद्या सकाळी’. मोठ्या मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही, ते इथे येतं. माणूस दोन दिवस उपास करतो, तसा मांजराला झेपत नाही. विशेषतः गुबगुबीत मांजर उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि मूळ आजार बाजूला राहून यकृतच आजारी पडतं. ‘एकादशी करतोय’ म्हणून आपण हसतो, तिथेच फसतो. दिवसभरात तीन-चार उलट्या, ताप, एखाद्या पायावर भर न देणं, डोळ्यावर पापुद्रा आल्यासारखा दिसणं, वयस्कर मांजराने अचानक खूप पाणी प्यायला लागणं, हेही याच खणातलं.

आणि थांबायला हरकत कुठे नाही? एखादी उलटी, त्यात केसांचा गोळा, आणि अर्ध्या तासात स्वारी ताटलीपाशी. दोन-चार शिंका, पण खाणं-खेळणं चालू. एकदा पातळ शी. हे एक दिवस बघा. गवताबद्दल सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे: मांजरं गवत खातात, बऱ्याचदा ओकतात आणि त्यांना बरं वाटतंही. पण गवताने ताप उतरत नाही आणि तुंबलेली लघवी सुटत नाही.

अडचण अशी की मांजर दुखणं सांगत नाही, लपवतं. शिकार करणारा हा प्राणी स्वतःही मोठ्यांची शिकार होतो, त्यामुळे दुबळेपण दाखवणं त्याला परवडत नाही. घुरघुरतंय म्हणजे खुशीत आहे असंही धरू नका. वेदनेतलं मांजरही घुरघुरतं. म्हणून ते बरं असतानाच त्याची ओळख करून घ्यायची. हिरडी आजच बघून ठेवा, साधारण आपल्या नखाखाली दिसतो तसा गुलाबी रंग असतो. बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. गाढ झोपलेलं असताना मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजा. तीसच्या आत असायला हवेत. रोज वाळूत किती ओले गोळे निघतात ते घमेलं साफ करणाऱ्याला माहीत असतंच, फक्त ते लक्षात ठेवायचं. आणि वजन: मुलीला काट्यावर उभी करा, मग बोक्याला घेऊन उभी करा, वजाबाकी. चार किलोचं मांजर साडेतीनवर आलं तर डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं. दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या चौकटीत लिहिता ना, तिथेच आठवड्याला एक आकडा लिहायचा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे, ती वाचून मात्र मी दचकले. मागच्या वेळी ताप आहे असं वाटून ‘अर्धी क्रोसिन देणार होते, पण गिळली नाही.’ ताई, त्या बोक्याने तोंड फिरवलं म्हणून तो आज आहे. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यकृतातली व्यवस्था मांजरांकडे जवळजवळ नसतेच. एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. ब्रुफेन, अॅस्पिरिन, कुठलीच माणसांची वेदनाशामक गोळी मनाने नको. कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडाचं औषध नको, त्यातलं पर्मेथ्रिन मांजराला झटके आणतं. जखमेवर डेटॉलही नको, कारण ते चाटणार. आणि चुकून काही दिलं गेलंच तर लाजेने लपवू नका, डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगा.

आता दुसरा प्रश्न, कुठवर?

तुम्ही विचारता, चूक आहे का. मला वाटतं, या प्रश्नात मांजर एका पारड्यात आणि मुलगी दुसऱ्या पारड्यात असं चित्र आहे आणि ते तुम्हाला भांडणात कुणीतरी दाखवलंय. फी भरायला तीन आठवडे उशीर झाला, क्लासवाल्यांनी चालवून घेतलं, हे तुम्हीच लिहिलंय. मग खरी जखम कशाची? माझ्या अंदाजाने, नवऱ्याला आकडा नंतर कळला त्याची. रविवारी मटणातला तुकडा स्वतः काढून बोक्याला देणारा माणूस (हेही तुमच्याच पत्रात आहे) मांजराच्या विरोधात आहे यावर माझा विश्वास बसत नाही. कंत्राटावरच्या माणसाला पुढचा महिना ठाऊक नसतो. त्याच्या पाठीमागे आठ हजार गेले, याचा तो धक्का आहे. ‘जिन्याखालचं मांजर’ हे रागातलं बोलणं. चार वर्षं घरात राहिल्यावर ते जिन्याखालचं राहत नाही. कायदाही तसंच मानतो बरं का. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याची काळजी घेतली पाहिजे, असं लिहिलंय. हे नवऱ्याला ऐकवायला नाही सांगत. ऐकवलंत तर भांडण परत पहिल्यापासून.

त्यापेक्षा बोका बरा असताना, एखाद्या शांत संध्याकाळी, दोघांनी बसून एक आकडा ठरवा. एका आजारपणाला आपण जास्तीत जास्त किती घालू शकतो? तीन हजार असेल, दहा असेल, ते तुमच्या घराचं गणित. इतरांनी त्यावर बोलू नये, मीसुद्धा. आणि तो आकडा येणार कुठून तेही ठरवा. एका ब्लाऊजमागे वीस रुपये वेगळ्या डब्यात टाकलेत तर महिन्याला पंधरा ब्लाऊजांचे तीनशे होतात, वर्षाचे ३,६००. तुमच्या गल्लीत भिशी आहेच, त्यात एक छोटा हप्ता बोक्याच्या नावाने लावलात तरी चालेल. बायका हसतील, हसू दे.

दवाखान्यात गेल्यावर पैशाचं आधी बोला. आपल्याकडे हे अवघड जातं. माणसांच्या डॉक्टरांपुढे बोलत नाही, तर जनावरांच्या डॉक्टरांपुढे कुठून बोलणार? पण स्पष्ट सांगावं: ‘आमच्याकडे आज अडीच हजार आहेत. यात सगळ्यात गरजेचं काय?’ बहुतेक डॉक्टर यावर चिडत नाहीत, उलट त्यांना मार्ग आखता येतो. तपासण्या सुचवल्या तर विचारा, ‘याचा निकाल काय आला तर औषध बदलेल?’ कधी उत्तर येतं, ‘बदलणार नाही, पण खात्री होईल.’ मग तुम्ही म्हणू शकता, आधी औषध देऊन दोन दिवस बघू. कधी उत्तर येतं, ‘रक्त तपासल्याशिवाय भूल देणं धोक्याचं आहे.’ तिथे काटकसर करू नका. अंदाजे खर्च कागदावर लिहून मागा. माणूस घाबरलेला असताना ऐकलेला आकडा घरी पोचेपर्यंत बदलतो.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. तिथे गाई-म्हशी, शेळ्या जास्त येतात हे खरं, औषधं सगळी असतीलच असं नाही, पण केसपेपर अगदी थोडक्या पैशांत निघतो आणि तपासायला पात्र डॉक्टर असतात. तुमच्या जिल्ह्यात तर शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हमरस्त्यालगत. अवघड दुखण्याला अशा शिकवणाऱ्या दवाखान्यात खासगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. दुसऱ्या गावच्या वाचकांनी आपापल्या जवळचं बघावं: नागपूर, परभणी, उदगीर, अकोला इथे अशा संस्था आहेत. मुंबईकरांना परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथलंच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. पण शिरवळ असो की परळ, वेळा आणि फोन आत्ता लिहून ठेवायचे. रात्री घमेल्यापाशी बसून शोधायचे नाहीत. न्यायला महागडी पेटी लागत नाही. भाजीच्या दोन प्लास्टिक क्रेट एकमेकींवर पालथ्या घालून दोरीने बांधल्या की झालं, आत तुमची जुनी साडी.

आणि ठरवलेला आकडा संपला, पुढे आणखी लागणार असं डॉक्टर म्हणाले, तर? तर थांबता येतं. ‘उपचार थांबवणं’ आणि ‘काहीच न करणं’ यांत फरक आहे. वेदना कमी करणारं औषध देऊन घरी आणता येतं. जिथे सुटका नाही तिथे डॉक्टर इंजेक्शनने शांतपणे निरोप देतात. आपल्याकडे कुणाच्या हातून मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात, तो धाक सासूबाईंच्या पिढीच्या मनात पक्का आहे. त्यांना सांगा, पाप मारण्याचं म्हटलंय, सोडवण्याचं नाही. आमच्या चौदा वर्षांच्या मांजरीची मूत्रपिंडं गेली तेव्हा मी एकोणीस दिवस तिला रोज सलाईन टोचत होते. पैसे होते म्हणून टोचत होते. शेवटचे दहा दिवस ती मला बघून पलंगाखाली जायची. पैसे कमी असते तर मी कदाचित लवकर शहाणी झाले असते. तेव्हा खर्च जास्त म्हणजे माया जास्त, हे गणित माझ्यापुढे मांडू नका.

तर ते ४५० रुपये. लघवी तुंबलेली नाही, हे तुम्ही त्या पैशांत विकत घेतलंत, आणि त्या रात्री झोपलात. वर दाताचं दुखणं सापडलं, जे अजून पंधरा दिवस कपाटामागेच राहिलं असतं. सासूबाईंना हे पटवायला जाऊ नका. त्यांना एक काम द्या. एरंडेल पाजणारी बाई म्हणजे त्या बोक्याचं तोंड उघडता येणारी तुमच्या घरातली एकमेव व्यक्ती दिसते. पाच दिवसांचं औषध त्यांच्याच हातून जाऊ दे, आणि जाताना हिरडीचा रंग बघायला सांगा.

राहिलं पाणी. लघवी परत तुंबू नये म्हणून डॉक्टर जे खाणं सांगतील ते सांगतीलच, पण पाणी पोटात जाणं महत्त्वाचं. नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवू नका. त्यात कोमट पाणी घाला, किंवा मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या चिकनचं पाणी. मोठ्या मांजराला दूध पाण्याऐवजी नको, अनेकांना त्याने जुलाब होतात. घमेल्यापासून दूर, दोन-तीन ठिकाणी पसरट वाट्या ठेवा. एक शिलाई मशीनच्या पायाशी ठेवा, तो तिथेच असतो म्हणालात ना.